शंभर शुक्रवार, चार शर्ट, एक बादली

आमच्या आबांची एक सवय आहे. दुकानदारानं ताग्यातून कापड उलगडलं की ते अंगठ्याला थुंकी लावतात, कोपऱ्यावर खसाखसा घासतात आणि अंगठा दारातल्या उजेडात धरून बघतात. तोवर आई लाजेनं पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिलेली असते. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसात तीस वर्षं रंगमास्तर म्हणून काढलेल्या माणसाला दुकानदाराच्या 'गॅरंटी'चं काय कौतुक असणार?

तोच अंगठा मी घानाच्या राजधानीत, आक्र्याच्या मकोला मार्केटात, आफ्रिकन वॅक्स नावाच्या छापील कापडावर चालवला. गाळ्यातली बाई खेकसेल असं वाटलं होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पायाजवळची पाण्याची पिशवी उचलली (घानात प्यायचं पाणी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशवीत मिळतं), दातानं कोपरा फोडला आणि कापडाच्या काठावर सरळ धार सोडली. मग खांद्यावरचा पांढरा रुमाल माझ्या हातात दिला आणि घासायची खूण केली. मी घासला. रुमाल पांढराच राहिला. "यू सी?" एवढं बोलून तिनं कापड मोजायला घेतलं. मी विकत घेतो असं अजून म्हणालोही नव्हतो.

त्या कापडाला आता दोन वर्षं झाली. त्यानंतर आणखी तीन आली, चारही शिवली, तीन स्वतः धुतली, आणि एकाची वाट लावली. हे कापड कसं घ्यावं आणि कसं धुवावं ते लिहितोय, त्या जोरावर.

मी आक्र्याजवळच्या टेमा गावातल्या एका पोलाद कारखान्यात मेंटेनन्स बघतो. बायको-पोरं गावाकडं, त्यामुळे धुणं माझं मला. शुक्रवारी इथं ऑफिसात देशी छापाचं कापड घालून यायचा रिवाज आहे. सरकारनंच २००४ साली 'नॅशनल फ्रायडे वेअर' म्हणून हे सुरू केलं, इथल्या गिरण्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. पहिल्या शुक्रवारी मी पांढऱ्या चौकड्यांच्या शर्टात गेलो, तर गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "बॉस, आज सोमवार आहे का?" पुढच्याच शनिवारी मकोला गाठलं.

तिथला हिशोब मला पहिल्या पाच मिनिटांत कळला, कारण तो आपलाच आहे. सहा यार्ड म्हणजे 'हाफ पीस', बारा यार्ड म्हणजे 'फुल पीस'. यार्ड म्हणजे वार. म्हणजे हाफ पीस ही चक्क सहावारी! पन्हाही सेहेचाळीस-अठ्ठेचाळीस इंच, साडीइतकाच. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग एक मला धाड की." तिला समजावलं की हे कापड नवं असताना पुठ्ठ्यासारखं ताठ असतंय, निऱ्या घातल्या तर खांबासारख्या उभ्या राहतील. तिला ते पटलं नाही. ती गोष्ट पुढं येईल.

आता कापडाबद्दल. आफ्रिकन वॅक्स म्हणून जे ओळखलं जातं त्याचं मूळ इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून कापड रंगवायच्या कलेत. डच लोकांनी एकोणिसाव्या शतकात ती मेणाची कारागिरी यंत्रावर उतरवायचा घाट घातला. यंत्रात मेणाऐवजी राळ वापरली. वितळलेली राळ रोलरनं कापडाच्या दोन्ही बाजूंवर छापायची, मग कापड निळीत बुडवायचं. राळ असेल तिथं रंग बसत नाही. पण राळ वाळली की तडकते, त्या भेगांतून नीळ आत शिरते आणि नक्षीभर बारीक शिरा उमटतात. मग राळ थोडी थोडी धुऊन काढत बाकीचे रंग भरत जायचं. जावाच्या लोकांना त्या शिरा म्हणजे खोट वाटली. पश्चिम आफ्रिकेत नेमक्या त्याच शिरांवर लोक भाळले. एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्यानं १८९० च्या दशकात हा माल गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात आणला आणि इथून पुढं गिऱ्हाईक कोण हे ठरून गेलं.

शिरांचा धुण्याशी काय संबंध असं वाटेल. खरेदीशी आहे, आणि धुण्यातली निम्मी रड खरेदीतच ठरते. खऱ्या वॅक्समध्ये राळ जशी तडकेल तशी शीर पडते, त्यामुळे कापडावर तीच नक्षी पुन्हा आली तरी शिरा वेगळ्या असतात. नकली कापडात शिरासुद्धा छापलेल्या असतात. एका फुलाजवळची वाकडी शीर लक्षात ठेवायची आणि पुढच्या तशाच फुलाजवळ बघायची. तिथंही तीच वाकडी शीर दिसली तर ते वॅक्स न्हवं, वॅक्सचा फोटो आहे. दुसरी खूण उलट बाजूची. दोन्ही अंगांनी रंग सारखा लख्ख हवा. मागून फिका दिसला की तो एका बाजूचा छाप. त्याला इथं 'फॅन्सी' म्हणतात आणि तसं सांगून विकलं तर त्यात काही फसवणूक नाही. किनारीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. नकला करणारे ते आधी छापतात.

पहिलं कापड, पाण्याची पिशवी फोडून दाखवलेलं, जीटीपीचं. म्हणजे घाना टेक्स्टाइल प्रिंटिंग, १९६६ सालची टेमातलीच गिरणी, आता व्लिस्को या डच कंपनीच्या गटात. गडद निळ्यावर पांढरे-पिवळे मणी. इथं कापडाला नाव असतं आणि बाई ते सांगितल्याशिवाय विकत नाही. हिचं नाव 'अह्वेने पा न्कासा', चांगले मणी वाजत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडं हेच पाण्यावरून म्हणतात, उथळ पाण्याला खळखळाट फार. ते इंग्रजीत सांगता सांगता माझी दमछाक झाली. ती म्हणाली, "व्हेरी गुड," आणि भाव तेवढाच ठेवला.

या कापडाचे दोन शर्ट झाले. एक माझा, एक मेव्हण्याला. माझा पंचवीस-तीस वेळा धुतलाय. कॉलरच्या घडीवर निळा जरा उतरलाय. नीळ धाग्याच्या वरच्या वर बसते, आत मुरत नाही, त्यामुळे जिथं घासलं जातं तिथं ती झिजणारच. जीनची गुडघ्यावर झिजते तशी. ही खोट धरायची नसते. बाकी अंगभर रंग तसाच. पिवळ्यात निळा फुटलेला नाही, शिवण ओढलेली नाही. पहिल्या दोन धुण्यांत ताठपणा गेला आणि कापड अंगाला बसायला लागलं. आठवी-दहावी धुलाई हा याचा खरा ऐन काळ. दहापैकी साडेआठ. अर्धा मार्क मी आबांच्या नावानं कापलाय. त्यांनी आजवर कुठल्याच कापडाला नऊ दिलेले नाहीत.

दुसरं डच. व्लिस्को म्हणजे फान व्लिसिंगन आणि कंपनी, हॉलंडातल्या हेल्मंड गावची, १८४६ सालापासूनची. दिवाळीच्या बोनसवर घेतलं. जीटीपीच्या जवळजवळ तिप्पट पैसे गेले आणि घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरून बसलो. नक्षीचं नाव 'न्सु बुरा', विहीर. मधे एक ठिपका आणि भोवती ठिपक्यांची वर्तुळं, खडा टाकल्यावर पाणी हलावं तशी. याच नक्षीला दुसऱ्या देशात ग्रामोफोनची तबकडी म्हणतात. कापडात काही म्हणजे काही काढायला जागा नाही. सूत बारीक, वीण घट्ट, धुतल्यावर पाणी पहिल्यांदा नुसतं किंचित निळसर झालं, दुसऱ्यांदा स्वच्छ. अडचण माझ्यात आहे. तो शर्ट घातला की मी सांबार खात नाही, मशीनजवळ जात नाही, टॅक्सीत पाठ टेकत नाही. दोन वर्षांत जेमतेम नऊदा घातलाय. कामावर घालायचं असेल तर डच घेऊ नका. लग्नात घालायला जरूर घ्या.

तिसरं लाल. हे मी मकोल्यातून न घेता लॉरी स्टेशनजवळच्या एका हातगाडीवरून घेतलं. जीटीपीच्या निम्म्याहून कमी भाव, लालभडक रंग आणि घाई, या तिघांनी मिळून मला खाली पाडलं. अंगठा लावायचा विसरलो. आबांना सांगितलेलं नाही. घरी आल्यावर कडेचा एक धागा काढून काडी लावली. सूत जळलं तर कागदासारखी मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक काळी गुंडी होते. इथं दोन्ही झालं, म्हणजे मिश्र. शिरा छापील, मागची बाजू फिकट. सगळी लक्षणं डोळ्यांसमोर असून मी त्याचा शर्ट शिवला, कारण पैसे गेलेच होते.

पहिल्या धुण्यात बादलीत रूह अफ्जा तयार झालं. दुसऱ्या धुण्यात तेच. पाचव्या धुण्यापर्यंत फरक इतकाच की सरबत पातळ झालं. शर्ट आता लालही नाही, गुलाबीही नाही; जुन्या पोस्टाच्या पेटीसारखा दिसतो. पण पावसात घालायला मजबूत आहे आणि वाळतो लवकर. दहापैकी तीन, तेही वाळण्याचे.

चौथ्याची गोष्ट निराळी आहे. आमच्या फोरमनची आई गेली. इथं अंत्यविधी बहुतेक शनिवारी असतो आणि काळ्या-लाल रंगात जायचं असतं. घरचे एक कापड ठरवतात, जवळचे सगळे त्याच कापडाचं शिवतात. फोरमननं मला स्वतः सहावारीतले दोन वार आणून दिले. हा मान असतो, पैशांत मोजायचा नाही. मी शर्ट शिवला, दिवसभर त्या गर्दीत उभा राहिलो, लाल मातीनं भरलो. आणि ह्या एवढ्या शर्टाला आपल्या हातानं धुवायला नको म्हणून तो आमच्या भागातल्या एका लॉन्ड्रीत दिला.

पूर्ण दोन वर्षांतली माझी ही एकच मोठी चूक. कपड्याला जपायला गेलो आणि तिथंच गेला. शर्ट परत आला तो चकचकीत प्लास्टिकमध्ये, हँगरवर, वर कागदी फूल. प्लास्टिक काढलं तर बाही दोन बोटं वर गेलेली. गरम पाणी आणि मशीनचा ड्रायर, दुसरं काय. सुती कापड असं आटतं की परत ताणता येत नाही. आणि छातीवर, खिशाच्या कडेला, शिवणीशिवणीवर पांढरट चकाकी. काळ्या सुतावर सुलट बाजूनं तापलेली इस्त्री दाबून फिरवली की धागा चेपतो आणि उजेडात आरशासारखा चमकतो. मी काउंटरवर दाखवलं तर पोरगा म्हणाला, "बट इट इज शायनिंग, सर." त्याच्या मते मी दुप्पट पैसे द्यायला हवे होते.

तो शर्ट ठेवलाय. टाकवत नाही. फोरमनला कधी दाखवला नाही.

यानंतर मी आंटीकडं गेलो. आमच्या कंपाउंडच्या मागं राहते, शनिवारी चार घरांचं धुणं करते. तिला मी म्हटलं, धुऊन नका देऊ, मला शिकवा. ती इतकी हसली की हातातलं टोपलं खाली ठेवावं लागलं. धुणं शिकायला आलेला बॉस तिनं पहिल्यांदाच बघितला असावा. पण शिकवलं, आणि या सबंध परीक्षणात मला दहापैकी दहा द्यायचे असतील तर ते तिच्या धुण्याला.

तीन टब. पहिल्यात गार पाणी, पॉलीटँकमधलं, सकाळचं, कारण दुपारी त्या काळ्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. साबण 'की सोप', पिवळी लांबलचक कांडी, आपल्याकडच्या ५०१ बारच्या जातीची. तिचा सुरीनं तुकडा पाडायचा आणि फेस आधी पाण्यात करायचा. वडी कापडावर घासायची नाही. मी सवयीनं घासायला गेलो तर तिनं माझ्या मनगटावर फटका मारला. "प्लीज बॉस, नो." इथली माणसं फटका मारतानाही आधी प्लीज म्हणतात. शर्ट उलटा करून बुडवायचा आणि मग तिचं ते धुणं सुरू होतं. दोन मुठींत कापडाची घडी धरून एका हाताचं मनगट दुसऱ्यावर असं फिरवते की प्रत्येक फेऱ्याला च्युक, च्युक असा आवाज येतो. कापड कापडावर घासत नाही. मधला फेसच दाबून आरपार जातो, तो त्याचा आवाज. आवाज आला तर धुणं बरोबर. माझ्या हातून तीन शनिवार नुसती सळसळ आली. चौथ्या शनिवारी एक च्युक आला, तर शेजारच्या अंगणातली दोन पोरं टाळ्या वाजवायला लागली.

ब्रश नाही. कॉलर असेल तर बोटांनी, आतून. भिजत घालणं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण आमच्या घरी धुणं म्हणजे रात्री भिजत घालायचं. पण रंगीत छापाचं ओलं कापड गोळा होऊन पडलं की सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्यात मुरायला निवांत वेळ मिळतो. आंटीचा शर्ट पाण्यात पाच-सात मिनिटं असतो, की दुसरा टब, तिसरा टब, की लगेच दोरीवर. पिळ घालत नाही. हातानं दाबून पाणी काढते आणि दोन झटके देते. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज होतो, आणि त्या झटक्यातच निम्म्या सुरकुत्या मोडतात.

वाळत घालायचं कडुलिंबाखाली. हो, इथं गल्लोगल्ली कडुलिंब आहे. उलटा शर्ट, खालच्या शिवणीला चिमटे. उन्हात टाकला तर दोरीवर जिथं घडी पडते तिथं खांद्यापासून खांद्यापर्यंत एक फिका पट्टा उठतो. जीटीपीच्या शर्टावर तो मी एकदा आणलाय, नीट बघितलं तर अजून दिसतो. हरमॅटनच्या दिवसांत मात्र झाडाखालीही नाही. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून कोरडं वारं येतं आणि बरोबर धूळ आणतं. धुतलेला शर्ट संध्याकाळी काढला की त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. त्या दिवसांत मी खोलीत, पंख्याखाली. तासाभरात वाळतो, हवाच तशी असते. ओठ आणि टाचा फुटतात ते वेगळं.

आईचं म्हणणं होतं की नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो. हे मराठी घराघरात सांगतात, इथल्या बायकाही सांगतात. व्हिडिओ कॉलवर तिनं हे सांगितलं आणि मागं आरामखुर्चीत पेपर वाचणारे आबा पेपर न काढता बोलले, "मिठानं काय होतंय?"

मग वीस मिनिटं आबाच बोलले, आई फोन त्यांच्या हातात देऊन भाकऱ्या थापायला गेली. त्यांचं म्हणणं असं. मीठ लागतं ते रंगवताना. जिगरवर, म्हणजे रंगवायच्या यंत्रावर, कापड फिरत असताना रंगाला पाण्यात राहायला आवडतं. मीठ टाकलं की तो कापडाकडं सरकतो. पण सरकला म्हणजे चिकटला नाही. सुताला धरून ठेवायचं काम सोडा करतो. सोड्याचं काम कारखान्यात नीट झालं नसेल, वरचा सुटा रंग नीट धुऊन काढला नसेल, तर घरच्या बादलीत मूठभर मीठ काय करणार? मिठाच्या पाण्यात रंग तेवढ्यापुरता दमानं सुटतो, म्हणून बाईला वाटतं पक्का झाला. पुढच्या साध्या पाण्यात परत जैसे थे. मी विचारलं, आणि व्हिनेगर? "ते लोकरीला न् रेशमाला. सुताला व्हिनेगर लावून काय लोणचं घालायचंय?" सुटा रंग असेल तर भरपूर गार पाण्यात, एकटं, पाणी निवळ होईतो खळबळून काढायचं आणि जाऊ द्यायचा, यापलीकडं औषध नाही असं त्यांनी सांगितलं. लाल शर्टाबद्दल मी तेव्हाही काही बोललो नाही.

खळीच्या बाबतीत मात्र आई जिंकली. आंटी तिसऱ्या टबात पातळ खळ घालते, कसाव्याची. आईच्या सुती साड्यांना आयुष्यभर साबुदाण्याची खळ. आपला साबुदाणा त्याच कसाव्याच्या कंदाचा. मी आंटीला सांगितलं की आम्ही हा उपासाला खातो आणि उरला तर साडीला लावतो. तिनं यावर जरा विचार करून विचारलं, म्हणजे उपास आहे की नाही? उत्तर द्यायला मी अजून तरी गेलेलो नाही.

इस्त्री कापड थोडं दमट असताना, उलट बाजूनं. एवढंच. ज्यांना पहिल्या दिवसाची करकरीत ताठ वॅक्स आवडते त्यांनी खळ करावी. मला अंगाला बसलेली आवडते, मी महिन्यातून एकदा करतो. शिवण्याआधी धुवावं का, यावर इथं दोन पक्ष आहेत. माझा शिंपी म्हणतो धुऊ नका, ताठ कापड कापायला सरळ जातं. मी गार पाण्यातून एकदा काढून देतो. तो तोंड वाकडं करतो आणि इस्त्री मारून घेतो.

हे सगळं आंटी स्वतःच्या अंगावरच्या कापडाला करते. पण तिची जी खरी कापडं आहेत त्यांना पाणी लागलेलंच नाही. एकदा तिनं पत्र्याची पेटी उघडून दाखवली. न शिवलेल्या, न धुतलेल्या सहावाऱ्या, घडीवर घडी, मधे कापूर गोळ्या. त्यात तिच्या लग्नात नवऱ्याकडून आलेल्या, आईकडून आलेल्या, आणि धाकट्या मुलीसाठी वेगळ्या काढलेल्या. आमच्याकडं बायका शालू जपतात तसं, पण एक फरक होता. शालू निदान लग्नात नेसतात. यातली काही कापडं कधीच शिवली जाणार नव्हती. ती ठेवच होती. अडीनडीला विकता येते आणि भाव पडत नाही. मी एका कापडाला हात लावायला गेलो, पुन्हा मनगटावर फटका. प्लीज.

मकोल्यातल्या बायकांनी हा धंदा कुठल्या परिस्थितीत टिकवला हे मला नंतर कळलं. १९२४ सालचा मूळ बाजार सैनिकांनी १९७९ साली जमीनदोस्त केला. साठेबाजीचा आरोप बायकांवर. बाजार परत भरला. गिरण्यांना तसं उठता आलं नाही. १९७७ साली घानाच्या कापड उद्योगात पंचवीस हजारांच्या आसपास कामगार होते, २००० साली पाच हजार उरले. हातगाडीवरच्या नकली कापडाचा तो लाल शर्ट त्या आकड्यांत माझाही वाटा धरून आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि माझ्या लहानपणी रात्री झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात. आता गावी गेलो की काही गल्ल्यांत झोप येत नाही, इतकं शांत असतंय. जीटीपीला साडेआठ देताना हे डोक्यात नव्हतं असं म्हणणार नाही.

आता आईची सहावारी. साडी मी धाडली नाहीच. पण शिंप्याकडं चारही शर्टांच्या चिंध्या होत्या, त्या मागितल्या. त्यानं काळ्या पिशवीत कोंबून दिल्या, वर दुसऱ्या गिऱ्हाइकांच्याही मूठभर टाकल्या. गेल्या सुट्टीत त्या घेऊन गेलो. आईनं त्यांची वाकळ शिवली. जुन्या नऊवारीचं अस्तर, वर मणी, विहिरी, काळा-लाल, आणि ओळखू न येणारे पंधरा-वीस तुकडे. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आबांनीही दुरून बघितली, अंगठा लावला नाही. घरच्या वस्तूला लावत नसावेत.

परवा आईनं ती पहिल्यांदा धुतली. रात्रभर भिजत घालून, मिठाच्या पाण्यात. सकाळी फोन आला तो आबांचा.

"अस्तर गुलाबी झालंय," ते म्हणाले. "सगळे तुकडे घासून बघितले. एकच सोडतोय. लाल. कुठनं घेतलास?"

मी म्हटलं, शिंप्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी चिंध्या घातल्या होत्या त्यात.

"आस्सं," आबा म्हणाले, आणि फोन आईकडं दिला.